काटा ‘स्टॉर्मी’वर

१२ एप्रिल १९३६, रविवार.
कॅम्पातल्या लिलावात बॅरोमीटर घेतला. विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाचा. पितळेचा, आत काटा, कडेनं अक्षरं: स्टॉर्मी, रेन, चेंज, फेअर; म्हणजे वादळ, पाऊस, बदल, स्वच्छ. शालूबाईला घड्याळ वाटलं. एकच काटा कसा, दुसरा वाटेत पाडला काय, असं विचारलं. बायकोला सायन्स समजावण्यात अर्थ नसतो, तरी अर्धा तास समजावलं. तव्यावर भाकरी तिची करपली आणि बोलणी मी खाल्ली.

संकल्प: रोज सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रीडिंग. रेल्वेच्या तारखात्यात अठ्ठावीस वर्षं काढली ती उगाच नव्हे. वळीव कधी येणार हे सांगायला या शहापुरात एक तरी शहाणा माणूस पाहिजे. पुण्याचं वर्तमानपत्र एक दिवस उशिरा येतं आणि काल ‘काही ठिकाणी’ गडगडाटाचा संभव होता, असं आज सांगतं. काही ठिकाणी म्हणजे कुठं? असं तर कोपऱ्यावरची नागुबाईपण सांगेल.

१३ एप्रिल, सकाळी ६.
काटा स्टॉर्मीवर. पहिल्याच दिवशी. नशीब लागतं.

शेजारी धाकटा भाऊ भरमू. माग चालवतो. आज त्याची पाजणी होती. म्हणजे पहाटे गल्लीत काठ्यांवर नव्वद हात ताणा, मागावर चढवायचं उभं सूत, ताणायचा, शेजाऱ्यांनी दोन्ही अंगांनी कुंचे घेऊन सुताला खळ पाजायची आणि उन्हं तापायच्या आत वाळवून गुंडाळायचा. बापजाद्यांपासून असंच चाललंय. आकाशाचं रीतसर ऑब्झर्वेशन एकानंही केलेलं नाही. मी ताणा बाहेर काढू दिला नाही. कुंचे घेऊन आलेली आठ माणसं परत पाठवली.

संध्याकाळी ६. आभाळ स्वच्छ. वादळ बहुधा पलीकडच्या येळ्ळूर गावावरून गेलं.

१४ एप्रिल.
स्टॉर्मी. येळ्ळूरहून भाजी घेऊन येणाऱ्या मालुबाईला विचारलं. एक थेंब न्हाय म्हणाली. खेड्यातल्या लोकांचं लक्ष नसतं.

१५ एप्रिल.
स्टॉर्मी. कडक ऊन.

१६ एप्रिल.
स्टॉर्मी. ऊन. यंत्र आपलं काम चोख करतंय, वादळच ढिलं आहे.

१७ एप्रिल.
भरमूची बायको अंबूबाई. मी थोरला दीर, म्हणून माझ्याशी थेट बोलत नाही. भिंतीशी बोलते, मी ऐकतो. आज भिंतीला कळवण्यात आलं की खळीची दोन मडकी आंबून गेली. इंदूचं लग्न दहा मेला. मानाची पाच लुगडी याच ताण्यावर निघायची. घरात होतं नव्हतं ते सूत त्यातच घातलंय. आणि काही लोकांना पेन्शन असते, त्यांना काय कळणार.

इंदू माझी पुतणी. तिच्या लग्नाची काळजी मला नाही काय? म्हणून तर जपतोय.

२० एप्रिल, दुपारी २.
येळ्ळूरच्या डोंगरावर काळा ढग. अखेर! ढगाच्या मागं जाऊन प्रत्यक्ष नोंद घ्यायची. सायकल काढली.

संध्याकाळी ७. येळ्ळूरला पोचलो तोवर ढग तिथून निघालेला. मागल्या बाजूनं गेला म्हणून तिकडं वळलो. तिथं ऊन. सायकल पंक्चर. चालत, कोरडा ठणठणीत घरी आलो तर गल्लीत घोट्याएवढं पाणी. वाळत घातलेली माझी दोन्ही धोतरं गटारीत. शालूबाई म्हणाली, पाऊस तुम्हाला हुडकत आलता, तुम्ही न्हवता.

असो. भाकीत खरं ठरलं. काटा आठ दिवस स्टॉर्मी म्हणत होता.

२१ एप्रिल.
गल्लीत मान वाढला. काल दुपारी ताणा बाहेर असता तर वाटोळं झालं असतं, असं भरमू चारचौघांत म्हणाला. मी हसून दुर्लक्ष केलं. लोक विचारायला येतात. एकानं म्हैस कधी विणार तेही विचारलं. ते या यंत्रात नाही, असं नम्रपणे सांगितलं.

२३ एप्रिल.
हायस्कुलातले सायन्सचे मारुतीराव मास्तर बॅरोमीटर बघायला आले. काचेवर दोनदा टिचकी मारून बघितली. मग म्हणाले, हे समुद्रकाठी लावलेलं यंत्र आहे. आपण अडीच हजार फूट उंचावर, इथं हवेचा दाबच कमी. काटा इथं जन्मभर स्टॉर्मीवरच बसणार. मागं स्क्रू असतो, तो हिशेबानं फिरवायचा.

हे मला ठाऊकच होतं. लोकांना इतक्यात सांगून गोंधळ नको म्हणून बोललो नव्हतो. मास्तर गेल्यावर स्क्रू फिरवला. कितपत फिरवायचा ते विचारायचं राहिलं. काटा फेअरवर छान दिसला, तिथं थांबलो.

२४ एप्रिल, सकाळी ६.
फेअर! भरमू पहाटे चारपासून तयार. आठ माणसं, कुंचे, ताजी खळ. मी थांबवलं. सहाचं आणि बाराचं रीडिंग जुळल्याशिवाय सर्टिफिकेट देता येत नाही. इतके दिवस थांबले, अजून सहा तास. भरमू म्हणाला, "अण्णा, उन्हात खळ करकरीत हुतीया. दोरं तुटत्यात." म्हटलं, ऊन असेल तर लवकर वाळेल, साधं सायन्स आहे. तो खळीच्या मडक्यावर झाकण घालायला गेला. थोरल्या भावाला उलटून बोलायची आपल्यात रीत नाही, ही फार चांगली रीत आहे.

नागुबाई पदरानं वारा घेत म्हणाली, सकाळधरनं अंग चिकाट झालंय, आज येतोय बघा. तिच्या अंगाला स्क्रू नाही, असा विनोद केला. कुणी हसलं नाही.

दुपारी १२. फेअर. सर्टिफिकेट दिलं. ताणा बाहेर.

संध्याकाळी.
तीनला आला. आधी धूळ, मग वारा, मग गारा. बोराएवढ्या. नव्वद हात ओला ताणा गुंडाळायला वेळ लागतो. वाऱ्यानं काठ्या उपटल्या. सुताचा गुंता गटारीत गेला, काठाचा तांबडा रंग सगळ्या पांढऱ्यात उतरला. इंदू शेवटपर्यंत तिच्या टोकाची काठी धरून उभी होती. हातावर वळ उठलेत.

तांत्रिकदृष्ट्या, ‘फेअर’मध्ये स्थानिक गारा धरत नाहीत असं मी सांगायला गेलो. अंबूबाईनं आज पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "तुमी घरात जावा."

गेलो.

२५ एप्रिल.
जेवण गेलं नाही. चूक साहेबाची. विकताना सांगायला हवं होतं.

२६ एप्रिल.
चूक मास्तरांची. अर्धवट सांगून गेले.

२७ एप्रिल.
भरमूच्या सोप्यात बसून सुताचा गुंता सोडवला. दिवसभरात वीतभर सुटला. इंदूनं चहा आणून ठेवला. त्या वळ उठलेल्या हातानंच. लाज वाटली. आज चूक कुणाची ते लिहायला घेतलं, सुचलं नाही.

२८ एप्रिल.
गल्लीतल्या घराघरानं थोडं थोडं सूत दिलं. नवा ताणा तयार. मला कुणी काही विचारलं नाही.

२९ एप्रिल.
पहाटे चारला भरमूनं दार वाजवलं. आठ माणसांत एक कमी होता. टोकाची काठी माझ्या हातात दिली. मी नेहमीच्या सवयीनं मान वर केली, तर म्हणाला, "वर बघायचं न्हाय, अण्णा. दोऱ्याकडं बघायचं."

पाच तास दोऱ्याकडं बघितलं. उन्हं तापायच्या आत ताणा वाळला, गुंडाळला, घरात गेला. पाच लुगड्यांना अजून अकरा दिवस हातात आहेत, होतील म्हणतात. खांदे भरून आले. जेवून आडवा झालो.

शालूबाईनं आता उठवलं. तीनला केवढं मोठं वादळ झालं म्हणे, समोरच्यांचे पत्रे उडाले. मला काही ऐकू आलं नाही.