माझ्या मानेचा खुलासा

तीर्थस्वरूप मावशीच्या पायांवर (लांबूनच) डोकं ठेवून भाच्याचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला गेला का? मी ठणठणीत आहे. रविवारच्या व्हिडिओ कॉलनंतर तू आणलेलं स्थळ मोडलं आणि आई दोन दिवस नीट जेवली नाही, हे कळलं. पण शिव्या घालण्याआधी सगळं वाच. मुलगी मला पसंत आहे. घोळ मानेचा आहे, आणि त्या मानेवरच तुझ्या भाच्याने इथे बाजी मारली आहे.

तुला ठाऊकच आहे, मी इथे परदेशात काचेच्या कारखान्यात आहे. मशीनचा आवाज एवढा, की सगळ्यांच्या कानांत बोळे. बोलणं सगळं हाताने आणि मानेने. आता इथली गंमत ऐक. इथली माणसं 'हो' म्हणताना मान डावी-उजवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना खाली-वर. (देवाशपथ.) हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी आणि एक टकलू, दोघांनी दाराएवढी काच उचलली होती. त्याने भुवया उडवून विचारलं, सोडू का? माझी पकड बसली नव्हती, म्हणून मी जोरजोरात मान हलवली, नको, नको! त्याने आनंदाने सोडली. काचेचा असा चुरा झाला की झाडायला तीन माणसं लागली. मुकादम धावत आला. मी माफी मागायला दोन्ही कान पकडले. त्याला वाटलं माझे कान दुखतात. त्याने बोळ्यांची आणखी एक जोडी आणून दिली.

मग मी हट्टाला पेटलो. सातवीत मास्तरांनी वर्गाबाहेर काढलेला मी, पण रोज दाढी करताना आरशासमोर मानेचा अभ्यास केला. (दोनदा गाल कापला.) स्वतःलाच विचारायचं, भूक लागली? डावी-उजवी. पगार पुरतो? खाली-वर. खोलीतला वेल्डर म्हणायचा, "अरे, तुझ्या मानेचा स्क्रू ढिला झालाय, ये, टाका मारतो." हसू दे. आठ महिन्यांत माझ्या हातून दुसरी काच फुटली नाही, आणि गेल्या सोमवारी मुकादमाने सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून नव्या पोरांना खाणाखुणा शिकवायचं काम मला दिलं. दहा देशांची माणसं समोर ओळीत उभी असतात आणि मी मान हलवली की दहा माना हलतात! मला इथे सगळे मास्तर म्हणतात, मावशी. हे त्या सातवीच्या मास्तरांना मुद्दाम जाऊन सांग.

तर रविवारी काय झालं, तुमचा आवाज मला येत होता, माझा तिकडे पोचत नव्हता. आई ओरडली, "अरे, नुसती मान हलव!" आणि या कामात तर मी मास्तर. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? मी भरभरून डावी-उजवी हलवली. आईवडिलांना सांभाळाल ना? तीच. दारू पिता का? (इथे मी फारच जोर लावला) खाली-वर, खाली-वर. त्यांचं तोंड पडत गेलं तसं मला वाटलं, गहिवरले.

सगळ्यांना नमस्कार. आईला जेवायला लाव.

तुझा भाचा (तू लहानपणापासून म्हणतेस ती भिंगरी)

ता. क. : पत्र लिहायचं कारण एवढंच, की तू आजच्या आज त्यांच्या घरी जा आणि माझी सगळी उत्तरं उलटी करून सांग. एकही विसरू नकोस. विशेषतः दारूचं.

ता. क. २ : तूर्त त्यांच्यासमोर मला फोनवर आणू नका. सवय सुटत नाही.

ता. क. ३ : आत्ताच मुलीचा स्वतःचा मेसेज आला, "मान न हलवता खरं काय ते लिहा." मी लिहिलं, शंभर टक्के पसंत. जिंकलो, मावशी! तिने उत्तरात नुसता वर केलेला अंगठा पाठवलाय. इथे कोणी असा अंगठा दाखवला तर मारामारी होते. आपल्याकडे त्याचा अर्थ चांगलाच असतो ना? लगेच कळव.