लिंबांवर पडलेला बर्फ

२१ जुलै

थंडी! ही नेहमीची जुलैची थंडी नव्हे. थेट दक्षिण ध्रुवाकडून आलीय म्हणे. रेडिओवर सांगत होते, डोंगरावरचा रस्ता बंद केलाय. आमच्या ताफी विएहो गावात कुणाच्या घरी धड जाड रजई नाही. आम्ही लिंबं पिकवणारी माणसं, आम्हाला रजया कशाला लागतात! रोसेंदोला माझा जांभळा स्वेटर चढवला. शोभतोय. तो काही म्हणाला नाही. मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तो काहीच म्हणत नाही.

नोएमीचा फोन. एक ऑगस्टला गाडी घेऊन येते म्हणाली. कोर्दोबात तिच्या घराजवळ आजारी म्हाताऱ्यांसाठी एक आश्रम आहे. नर्सेस आहेत, बाग आहे, बाबांसाठी खोली धरून ठेवली आहे. "आई, डॉक्टर काय म्हणाले? बाबांना आता काही कळत नाही. तू बोलतेस तो त्यांच्यासाठी नुसता आवाज." मी म्हटलं, बघू. "बघू नको, ठरव!" लेक माझीच, स्वभाव बापाचा.

२२ जुलै

ठरवलं नाही.

२३ जुलै

शेजारच्या हर्मिनियाने कुंपणावरून आवाज दिला, "नेली, दारूत सताप घातलीस का गं?" घातलीय, केव्हाच. उसाची दारू, त्यात उग्र वासाच्या सतापीच्या दोन काड्या. एक ऑगस्टला उपाशीपोटी तीन घोट घेतले की हिवाळा माणसाला नेत नाही, असं इथे सगळे मानतात. न मानणारेही घोट घेतातच. "पण रोसेंदोने स्वतःच्या हाताने प्यायला हवी हं! तू चमच्याने भरवलीस तर काही उपयोग नाही." जसे काही सगळे नियम हिनेच केलेत!

दुपारी पाऊस आला. मग पावसात आणखी काहीतरी. गारा नव्हेत. पत्र्यावर कुणी साखर सांडतंय असा बारीक आवाज. ऐकता ऐकता खुर्चीतच डोळा लागला. जागी झाले तेव्हा रोसेंदोचा डावा हात माझ्या हाताखाली होता. कुणी कुणाचा धरला कोण जाणे.

२४ जुलै

बर्फ!! बर्फ!!

सकाळी दार उघडलं तर कशाचाच आवाज नाही. रस्ता नाही, गटार नाही, हर्मिनियाचं मोडकं फाटक नाही. सगळं पांढरं, मऊ. आणि त्यात पिवळी लिंबं, एकेकाच्या डोक्यावर टोपी. मी अजून झोपेतच आहे असं वाटलं. कुत्रा पायरीवर आला, एक पंजा पुढे टाकला आणि मागे घेतला. सगळी गल्ली झोपायच्या कपड्यांत बाहेर. हर्मिनिया नवऱ्याचे बूट घालून, आ वासून बर्फ तोंडात झेलत होती — या वयात! पोरांनी गाडीच्या बॉनेटवर बर्फाचा बाहुला बसवला आणि हॉर्न वाजवत गावभर मिरवला.

रोसेंदोला चाकांच्या खुर्चीत बसवून मागच्या अंगणात आणलं. वरून हळूहळू उतरत होतं, त्याच्या भुवयांवर, मांडीवरच्या घोंगडीवर. तरुणपणी सैन्यात सक्तीची नोकरी केली त्याने, पार दक्षिणेत. लग्नाआधी तिथल्या बर्फाच्या गोष्टी सांगून मला भुलवायचा. मी निम्म्या खोट्या धरल्या होत्या. "म्हणजे थापा नव्हत्या तर," मी म्हटलं.

आणि मग का कोण जाणे, इतकी शांतता होती की तोंडून निघून गेलं. "मी दमलेय रे. फार दमलेय. रोज सकाळी तुला उठवताना वाटतं, आज नको. जाशील का नोएमीकडे?" ऐकणारं कुणी नाही असं समजूनच बोलले. बोलून बरं वाटलं. तो झाडाकडे बघत होता.

झाड म्हणजे आमचं मागचं लिंबू, त्यानेच कलम केलेलं. बर्फाने फांद्या पार वाकल्या होत्या. बिचारं गारठलं असेल! मी झाडू घेतला आणि फांदी न् फांदी झाडायला लागले. रोसेंदोने डाव्या हाताने माझी बाही पकडली. सोडीचना. ओढत होता नुसता. "थंडी वाजतेय होय? चल आत." त्याला चुलीपाशी बसवलं आणि परत येऊन सगळं झाड लख्ख केलं. हर्मिनियाने तिच्या झाडाला हातही लावला नाही. आळशी!

२५ जुलै

आभाळ मोकळं, निळंशार. पण रात्री सगळं गोठलं. बादलीतल्या पाण्याचा दगड झालाय.

२७ जुलै

स्वप्नात रोसेंदो बोलत होता, बर्फातून चालत, माझ्या पुढे. शब्द आठवत नाहीत. आवाज कसा होता तेही आठवेना, तेव्हा रडले.

२८ जुलै

झाड करपलं. पानं उकडल्यासारखी लोंबतायत, कोवळ्या फांद्या काळ्या. हर्मिनियाचं झाड हिरवंगार! तिचा दीर बागेत काम करतो, तो बघायला आला. "अहो नेलीताई, बर्फ झाडलात? तीच तर त्याची रजई होती! उघडं पाडलंत आणि रात्री गोठलेल्या दहिवराने खाल्लं. अख्ख्या गल्लीने हेच केलंय. कधी बर्फ बघितलाय का आपण?"

मी नाही बघितला. रोसेंदोने बघितलाय.

म्हणजे बाही ओढली ती थंडीने नव्हे. झाडू नको, असं सांगत होता! त्याला बर्फ कळला, झाड कळलं, मी काय करतेय ते कळलं. डॉक्टरला काय कळतंय! आधी इतका आनंद झाला की हर्मिनियाच्या दिराचे हातच धरले. मग आठवलं, झाडाच्या आधी मी काय बोलले होते ते.

२९ जुलै

त्याच्यासमोर बसले. "कळतं ना तुला?" खिडकीबाहेर बघत राहिला. "त्या दिवशी दमले होते म्हणून बोलले. जाऊ नकोस. ऐकलंस?" डोळे मिटले. झोपला असेल, नसेलही.

नोएमीला फोन केला — येऊ नको, बाबांना सगळं कळतं. "आई, तुला हवं ते दिसतंय." भांडलो. शेवटी म्हणाली, "बरं. बाबा एक शब्द बोलले ना, तर ते म्हणतील तसं करीन. नाही बोलले तर घेऊन जाणार."

३१ जुलै

सगळीकडे पाणी टिपकतंय. बर्फ गेला. दोन दिवस त्याच्याशी सारखी बोलतेय. जुन्या गोष्टी, गावच्या चहाड्या, काहीही. घसा बसलाय. एकच शब्द बोल रे, कुठलाही बोल! दमणूक कुठे गेली कळत नाही. मला तो इथेच हवाय. या घरात, जांभळ्या स्वेटरमध्ये, न बोलता चालेल.

१ ऑगस्ट

नोएमी सकाळीच आली. तिघांनी उपाशीपोटी सतापीची दारू घेतली. त्याने पेला स्वतःच्या हाताने उचलला, तीन घोट, थेंब सांडला नाही. "बघ!" मी नोएमीला म्हटलं. त्याने पेला खाली ठेवला. ओठ बराच वेळ नुसते हलले. मग दाराबाहेरच्या गाडीकडे बोट केलं आणि माझ्याकडे न बघता, अगदी स्वच्छ म्हणाला, "चल, नोएमी."