बाईसाहेबांच्या रक्ताविषयी

तीर्थरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत (सगळे म्हणजे माणसं, कोंबडीचं पुढे लिहितो). तुझा गुडघा कसा आहे? हे पत्र चष्मा लावून, पुढच्या खोलीत बसून सावकाश वाच. उजेड तिथेच चांगला असतो.

कोंबड्यांच्या रक्ताची चाचणी तयार करायचं माझं काम तुला ठाऊक आहे. पांढऱ्या टाइलवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यात आजाराच्या मेलेल्या जंतूंचं जांभळं पाणी मिसळायचं आणि टाइल हलवत राहायचं. कोंबडी निरोगी असेल तर काही होत नाही. आजारी असेल तर नासलेल्या दुधासारखे कण धरतात. पडताळून बघायला एक खात्रीची निरोगी कोंबडी लागते, म्हणून तू बाईसाहेबांना माझ्याबरोबर दिलंस (माझ्या कोंबड्यांना शिंकसुद्धा माहीत नाही, असं म्हणून).

बाईसाहेबांचं रक्त दर वेळी नासलं. तुझ्या शब्दावर शंका घ्यायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी पाण्यावर घेतली. रंग बदलला, टाइल बदलली, पंखा बंद केला. शेवटी स्वतःचं बोट टोचलं (माझं रक्त स्वच्छ निघालं, तेवढाच दिलासा). साहेब म्हणाले, धडधाकट कोंबडीला आजारी ठरवणारी चाचणी काय कामाची, गुंडाळा आता. तेव्हा आमच्या तंत्रज्ञाने बाईसाहेबांचं एक अंडं फोडून त्यातले जंतू बशीत वाढवून पाहिले. तेच निघाले. (ते अंडं साहेब घरी नेणार होते.)

तेव्हा चाचणी खरी आहे, आत्या. बाईसाहेब खातात, अंडी देतात, मला चोची मारतात आणि आजार अंगात बाळगून आहेत. तो अंड्यातून पिल्लांत उतरतो. मागची पिल्लं थंडीने गेली, असं तू म्हणालीस. शेजारणींनाही तू उबवायला अंडी देतेस. पण माझ्या कोंबड्यांना सुई लावणाऱ्याची बोटं तोडून हातात देईन, असं तू बजावलं आहेस. म्हणून मी काही म्हणत नाही. तू मोठी आहेस.

तुझा आज्ञाधारक
भाचा

ता. क. तूर्त अंडी कोणाला देऊ नकोस.

आणखी ता. क. पत्र घेऊन आलेला माणूस पोस्टमन नाही, आमचा तंत्रज्ञ आहे. पाणी प्यायला म्हणून मागच्या दारी गेला असेल. खुराडं तिकडेच आहे. एरवी मी तुला चार ओळी लिहितो. आज एवढं का लिहिलं, ते आता लक्षात आलं असेल. त्याच्यावर ओरडू नकोस, सुई टोचताना त्याचा हात हलतो. आणि बोटं सगळी परत पाठव. टाइल हलवायला आमच्याकडे दुसरं कोणी नाही.