चिमणीला जेवायला लावण्याची माझी पद्धत

३ सप्टेंबर, सकाळ
आजपासून चिमणीच्या जेवणाची सूत्रं माझ्या हाती. चिमणी म्हणजे आमची कन्या. वय तेरा, वजन नावाला, बोलणं त्याहून कमी. हल्ली डबा जसाच्या तसा परत येतो. बायको म्हणते, तिचं काहीतरी बिनसलंय, जरा हळुवार घे. हळुवार! मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो. स्टिअरिंगला घट्ट धरून डोळे मिटणारी माणसं मी हायवेवर नेली आहेत. एका पोरीला चार घास भरवणं म्हणजे काय मोठंसं!

३ सप्टेंबर, जेवणानंतर
प्रोटीन या विषयावर दोन शब्द बोललो. चिमणी भूक नाही म्हणून उठली. भाषण मात्र छान झालं. संपलं तेव्हा बायको ओटा पुसत होती, त्यावरून किंचित लांबलं असावं.

५ सप्टेंबर
ताटात भाज्यांचा चेहरा केला. काकडीचे डोळे, गाजराचं नाक, टोमॅटोचं हसू. चिमणी म्हणाली, बाबा, हा रडतोय. टोमॅटो घसरला होता. चेहरा मीच खाल्ला.

८ सप्टेंबर
कडक शिस्त. ताट संपेपर्यंत उठायचं नाही. चिमणी बसली, मीही बसलो. जरा डोळा लागला. जागा झालो तर ताट रिकामं! बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, भात झाकून फ्रिजमध्ये ठेवलाय तिने. ते काहीही असो, ताट रिकामं होतं.

१० सप्टेंबर
चिमणीच्या उशीखाली बिस्किटांचे पुडे! जाब विचारला. रडायलाच लागली. म्हणे वाईट वाटलं की खाते, मग जास्तच वाईट वाटतं, मग जेवण जात नाही. मी ठणकावलं, मनाचा आणि पोटाचा काय संबंध? तेवढ्यात आमच्या मालकांचा फोन. मी शिकणाऱ्यांच्या अंगावर ओरडतो अशी तक्रार आली आहे म्हणे. मी! फोन ठेवला आणि जप्त केलेला पुडा उभ्या उभ्या संपवला. भूक लागली होती, बाकी काही नाही.

१२ सप्टेंबर
शाळेतल्या काउन्सेलर बाईंना भेटलो. म्हणाल्या, मुलांच्या मनातलं आधी ताटात दिसतं. कुणी खाणं सोडतं, कुणी खात सुटतं. जेवताना शिकवू नका, फक्त ऐका. मी कसा उत्तम श्रोता आहे ते त्यांना सविस्तर समजावलं. वेळ संपल्यामुळे त्यांचं बाकीचं राहून गेलं.

१४ सप्टेंबर
घसा बसला. एका शिकाऊ काकूंनी गाडी रिव्हर्समध्ये थेट कुंपणात घातली. मी ‘ब्रेक!’ म्हणून ओरडलो, तो शेवटचा शब्द. डॉक्टर म्हणाले, बोलणं बंद. आता घरची शिस्त कोण सांभाळणार?

१५ सप्टेंबर
जेवताना नुसता बसून राहिलो. मग भात चिवडता चिवडता चिमणी आपणहून बोलायला लागली. तिची जिवलग मैत्रीण मधल्या सुट्टीत आता दुसऱ्या मुलींबरोबर बसते. ही गेली तर म्हणाल्या, इथे जागा नाही.
‘जागा होती, बाबा.’
तेव्हापासून ती जिन्याखाली डबा घेऊन बसते. घास गिळवत नाही. मला पुष्कळ बोलायचं होतं. घशातून नुसती शिट्टी निघाली. चिमणी फिसकन हसली. मग तिने भात खाल्ला, परत वाढून घेतला. माझाच घास खाली उतरेना. घसा सुजलाय ना.

१८ सप्टेंबर
तीन दिवस चिमणी बोलते आहे आणि जेवते आहे. मैत्रिणीचा तिढा तसाच आहे. पण वर्गातल्या एका मुलीला जिन्याखालची जागा आवडली, आता दोघी तिथे बसतात.
आज माझा आवाज परत आला. माझी पद्धत अखेर कशी लागू पडली हे सगळ्यांना सांगावं म्हणून जेवताना खाकरलो.
चिमणीने चमचा खाली ठेवला. बायकोने माझ्याकडे पाहिलं.
मी पाणी मागितलं.
चिमणीने चमचा उचलला.