विहिरीकाठचं चाक

१ जून १९८२
श्रीगजानन प्रसन्न. लग्नानंतरचं पहिलं बिऱ्हाड आज चाकणजवळ मांडलं. दोनच खोल्या, पण वारा भरपूर. दारात विहीर, पलीकडे ओढा, ओढ्याच्या वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना. विहिरीशी लोखंडी खांब, त्यावर अँटेना, खाली पत्र्याची पेटी. कारखान्यातली ह्यांची नोकरी तीच. पेटी विहिरीच्या पाण्याचे आकडे वर उपग्रहाकडे धाडते, तिथून ते सरकारी कचेरीत उतरतात. हा खांब ह्यांनीच गेल्या मार्गशीर्षात उभा केला.

पेटीतलं आकड्यांचं चाक माझ्याकडे सोपवलंय. नितळ पाणी शून्य, वास आला तर तीन, मासे मेले तर सहा, घरात कोणी आजारी पडलं तर नऊ. दर आकड्याला कट् वाजतं. मॅट्रिक बायको उगाच नाही केली, म्हणून हे हसले.

पेटीवर जुनं हळदकुंकू होतं. कामगारांनी दसऱ्याला पूजली असेल, म्हणाले. मीही बोट टेकवलं.

६ जून
वटपौर्णिमा. हाच नवरा सात जन्म मागितला. ह्यांची पहिली बायको बाळंतपणात माहेरीच वारली, बिचारी. तिच्याही नावाने एक फेरा जास्त घातला. विहिरीचं पाणी तुरट लागतं. हे कारखान्यातून फिरकीचा तांब्या भरून आणतात आणि तेच पितात. पोट नाजूक आहे म्हणे.

८ जुलै
दिवस गेलेत. घरात देव आहे.
आज जीपने कारखान्याचे साहेब आले. मी गूळपाणी पुढे केलं. गूळ खाल्ला, पाण्याला कोणी शिवलं नाही. उंबऱ्यावरून असं तहानलेलं कोणी जातं का? ह्यांनी तोच पेला मला सर्वांसमोर प्यायला लावला. घरची लक्ष्मी, दोन जिवांची, रोज हेच पिते, असं छाती फुगवून सांगितलं. मी लाजले.

१८ जुलै
विहिरीत मासे उलटे. चाक सहावर. मग मलाच उलट्या, हिरड्या काळ्यानिळ्या. नऊ लावले. कोणी आलं नाही. वर कळलंय, सरकारी काम, दम धर, असं हे म्हणतात.

२६ जुलै
श्रावणी सोमवार. विहिरीच्या पाण्याच्या अभिषेकाने चांदीची पिंड काळी पडली. दूधवाल्या सोजराबाईला दाखवली. तिने चरवी खाली ठेवली. मग म्हणाली, आदीची बी अशीच चाक फिरवायची, पोटुशी व्हती, कुकू लावायची त्या डबड्याला. माहेरी कसली जातीय, बाई, हितंच गेली, ह्याच खोलीत.

दसरा तर मार्गशीर्षाच्या आधी. दसऱ्याला खांबच नव्हता.
ते कुंकू तिचं.

२८ जुलै
पेटी मागून उघडली. चाकाच्या तारा कापलेल्या. टोकांना चिकटपट्टी, नीट, ह्यांच्या हाताची. मी नऊ लावत होते आणि वर रोज शून्य. पाणी नितळ. घर सुखरूप.
तिच्या वेळीही शून्यच गेलं असेल.
कारखान्यातून ह्यांना बढती मिळायची आहे. मी आनंदाने साखर वाटली होती.

३० जुलै
सोजराबाईबरोबर माहेरी निघणार होते. ह्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं, नि चपला माझ्या विहिरीत भिरकावल्या.
तांबडी तार तांबडीला, काळी काळीला. जोडल्या. चाक नऊवर. देवा, एकदा तरी वर खरं जाऊ दे.

३१ जुलै
जीप आली. साहेब नाहीत. हे एकटेच. पेटीशी गेले, कट् कट् कट्, शून्यावर. तारा पुन्हा तोडायला पक्कड घ्यायची म्हणून आत आले, आधी कडी लावली. रागावले नाहीत. फुलपात्र भरून पुढे धरलं. तीर्थ समज, म्हणतात. पोटावर हात धरून मी मागे —
बाहेर कट्.
हे तर आत, कडी लावलेल्या दारात उभे.
कट्. बांगड्यांचा आवाज. माझ्या तर हातातच, हलल्याही नाहीत.
तीन. सहा. तारा अजून जोडलेल्या आहेत. आता न —