वखर उचलायची जागा

बार्शीटाकळी, शेतातलं घर
१२ एप्रिल २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुझ्या कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून लिहितो. शकुन म्हणते, तुमचं अक्षर वाचाले ताईले आणखी एक यंत्र लागन. तिचाही नमस्कार.

डांबरी सडकेपासून घरापर्यंत रस्ता काढायला घेतला आहे. दर पावसाळ्यात गाडी सडकेवर सोडून चिखलातून यावं लागतं. शकुनच्या गुडघ्यांना ते आता जमत नाही. संघपाल जेसीबी घेऊन आला आहे. आधी काळी माती मांडीइतकी काढायची, नाही तर ती फुगते आणि वरचं सगळं गिळते. मग मुरूम, वर गिट्टी, मग रोलर. चुन्याच्या फक्कीची रेघ सरळ मारली आहे.

तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे. हिवराच्या झाडाला धक्का नाही. तुझी पहिली मुलगी जिथे ठेवली ती जागा शेताच्या दुसऱ्या टोकाला, सडकेलगत आहे. रेघ तिच्यापासून पार लांब आहे. निर्धास्त राहा.

माया आहे तशी ठेव.

तुझा
सहदेव


अमरावती
१८ एप्रिल

चि. सहदेवास,
अ. आ.

अक्षर लागलं, असं शकुनला सांग. दोन शब्द सोडून दिले.

हिवराचं तू आपणहून लिहिलंस, बरं वाटलं. बारशाआधीच ती गेली. मी माहेरीच, बाळंतिणीच्या खोलीत होते. बाबा आणि रामरावकाका तिला घेऊन गेले. मला दारापर्यंतही येऊ दिलं नाही. पुढे मायनेच सांगितलं, हिवराखाली आहे. बाबा त्यावर कधीच काही बोलले नाहीत.

तेव्हा मी मंगरूळला नांदत होते. अकोल्याची एसटी शेतावरून जायची. मी खिडकीशी बसून हात जोडायची. एकदा शेजारच्या बाईने विचारलं, कोणता देव आहे तिथं. मी म्हटलं, आमचाच आहे. मग तिनेही जोडले.

पोरांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्या शेतात माझी एवढीच जागा आहे. टिप्पर वळवायला सावली बघून तिथे नेतील. नेऊ देऊ नकोस.

गुडघ्यांना तीळतेल लाव म्हणावं. तुम्हा दोघांवर जीव आहे, तो राहील.

तुझी
वच्छलाताई


बार्शीटाकळी
२९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच.

मुरूम पडला, रोलर फिरला. रस्ता चांगला झाला, पण मधेच एका ठिकाणी सुपाएवढा खड्डा पडायला लागला. भरला. सकाळी परत. पाणी मारून दाबला. परत. संघपाल म्हणाला, भाऊ, इथं खाली कोणी तरी खोदेल हाय, माती अजून बसूनच राहिली. त्याने बकेट लावली. एक दगड वर आला.

जात्याचा खालचा दगड. वरचा अजून आपल्या घरामागे पडला आहे. खालचा फुटला, असं माय सांगायची. तो फुटलेला नव्हता. संघपालने मी काही म्हणायच्या आत मशीन बंद केलं आणि चपला काढल्या. त्याखाली आम्ही पाहिलं नाही.

ही जागा मला माहीत होती, ताई. बाबा वखर हाकताना इथे आले की उचलून पलीकडे टेकवायचे. एकदा विचारलं, काहून उचलता. म्हणाले, दगड हाय, वखराची पास तुटते. मग मीही उचलत गेलो. पुढे पुढे तर बैलच आपले थांबत. बैल विकले, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याला सांगायचं सुचलं नाही.

रामरावकाकांकडे गेलो. त्यांनी मला नत्थुजी अशी बाबांच्याच नावाने हाक मारली. पण हे विचारल्यावर नीट बोलले. हिवराखाली मुळ्या लागल्या, खोदता येईना. नत्थुजी तिले वावराच्या मधात घेऊन गेला. मग तुह्या मायनं म्हटलं, पोरीले हिवरच सांगा, थे एसटीतून दिसते. वावरातली जागा तिले कशी दिसन.

संघपाल दुसऱ्या कामावर गेला आहे, बोलावलं की येईल. तिला हिवराखाली आणू, की रस्ता वळवू, तू म्हणशील तसं करीन. शकुन रोज दिवेलागणीला तिथे तांब्याभर पाणी घालते. मी तिला काही विचारत नाही. पाणी मुरतं आणि सकाळी खड्डा थोडा वाढलेला असतो.

रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

सहदेव


अमरावती
६ मे

चि. सहदेवास,
अ. आ.

पत्र वाचून यंत्र कानातून काढून ठेवलं. घरात कोणी काही विचारलं तर ऐकू येऊ नये म्हणून.

इतकी वर्षं मी हात कोणाला जोडले, हे आधी कळेना. बाबांवर नाही, मायवरही राग येत नाही. रोज जात्यावर बसणाऱ्या बाईने आपल्या जात्याचा दगड दिला, आणि मला दिसेल असं झाड शोधलं.

तिला हलवू नकोस. दगड होता तसा ठेव. रस्ता वळव, पण वळण लांबून घे. काय चुकवलं ते येणाऱ्याजाणाऱ्याला कळू नये. शकुनला पाणी घालू दे.

पावसाच्या आत येते. सडकेवर घ्यायला येऊ नकोस. हिवर आला की हात जोडले जातील, तेही असू दे. त्याला आता नाही कसं म्हणू. तिथेच उतरेन आणि वावरातून चालत येईन. ती जागा मला दाखवायची नाही. तिच्यावर काही खूणही करू नका. बाबांच्या हाताला ती माहीत होती, तुझ्या हाताला होती, बैलांनाही होती.

माझ्या पायाला कळते का, ते पाहू दे.

तोवर लोभ आहेच.

तुझी
वच्छलाताई