तोच कालथा

आई, तुझी नात कालपासून ओसाकात आहे. एकोणीस वर्षांची झाली, बरोबर कॉलेजच्या दोन मैत्रिणी, आणि माझ्याशिवाय पहिल्यांदाच परदेशी. सगळे म्हणतात, जपानसारखा सुरक्षित देश नाही. असेल बाई. मला चोरांची भीती नाही, रस्त्यावरच्या खाण्याची आहे. कोळंबी पोटात गेली तर तिचा घसा बंद होतो, हे तुला वेगळं सांगायला नको. पहिल्यांदा जपानला जाणाऱ्यांसाठीचे व्हिडिओ मी महिनाभर बघत होते. बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझ्या तोंडचं पळत होतं. आपल्या आप्पेपात्रासारख्या पात्रात ते ऑक्टोपसचे गोळे करतात, त्या पिठात सुकी कोळंबी असते आणि ती दिसतही नाही. कोबीचं जाडजूड धिरडं करतात, त्यावर थेट आपल्या सुक्या जवळ्यासारखी बारीक गुलाबी कोळंबी भुरभुरवतात. तू बघितलं असतंस तर म्हणाली असतीस, अगं, हे तर आपलंच खाणं.

इथे तांजोंग पगार भागात माझ्या ऑफिसच्या खालीच दोन-तीन जपानी स्टॉल आहेत. लंचला जाऊन मी तिथल्या बाईला एकेका पदार्थात काय काय घालतात ते विचारलं. तिने न कंटाळता सांगितलं आणि कागदावर जपानीत लिहूनही दिलं, की या मुलीला कोळंबी चालत नाही, जिवावर बेतेल. तो कागद लॅमिनेट करून मी लेकीच्या पासपोर्टमध्ये ठेवला. घसा सुजला तर लगेच टोचायची इंजेक्शनची दोन पेनं दिली. हे सगळं बघून ती म्हणाली, "ममा, रिलॅक्स ना. मी प्रॉन खाणारच नाही. आजीसारखं मला चोरून कोण भरवणार आहे तिकडे?" आणि हसली. मीही हसले. तू तिला जवळा चारलास ही गोष्ट ती शाळेत असल्यापासून सगळ्यांना रंगवून सांगते. मैत्रिणी खिदळतात, आणि मी शेजारी बसून चहा ओतत राहते.

ती चार वर्षांची होती. तू तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली होतीस, येताना डबाभर जवळा घेऊन. डॉक्टरांनी बजावलेलं तुला सांगितलं तरी तू म्हणायचीस, "एवढ्याशाने काय होतंय? सवय केली की सोसेल. कोळंबी न खाणारं पोर आपल्या घरात कसं निपजलं?" त्या शनिवारी मी तुझ्यासाठीच कोळंबी तळत होते. लेक भूक भूक करत ओट्याशी आली. एका शेगडीवर कोळंबी, दुसरीवर घावन. मी घाईत आहे, ऑफिसचा फोन खांद्याने कानाशी धरलाय, हातात एकच कालथा. घावन तुझ्याकडे दिलं आणि तू तिला भरवलंस. दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, डोळे मिटले, श्वासाला शिट्टी यायला लागली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने विचारलं, काय खाल्लं? मी तुझ्याकडे वळले. "जवळा दिलास ना तिला?" तू म्हणालीस, "नाही गं, नुसतं घावन." आणि मी सगळ्यांसमोर ओरडले, "खोटं बोलू नकोस. माझी पोर मारायला आलीस का तू?"

पोर वाचली. संध्याकाळी घरी येऊन भांडी घासायला घेतली तर कालथ्याच्या कडेला तळलेल्या कोळंबीचा लाल मसाला, आणि त्याच्यावरच घावनाचं वाळलेलं पीठ. बाहेर तू जवळ्याचा डबा कचऱ्याच्या पिशवीत उपडा करत होतीस. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी कालथा घासला आणि जागेवर लावला. तू तिकीट बदलून परत गेलीस. पुढे दोन वर्षं फोनवर तुझं एकच, "तिला माझ्या हातचं काही देऊ नकोस हो." मग तू कायमचीच गेलीस. तू शेवटपर्यंत स्वतःलाच दोषी धरत होतीस, आणि मी तुला धरू दिलं.

यात मोठी मेख आहे, ती मला याच महिन्यात कळली. लेकीच्या लेखी कोळंबी चावून खाल्ली तरच धोका, कारण तिच्या गोष्टीत आजीने जवळा चारला होता. नुसत्या कालथ्याने जीव जाऊ शकतो हे तिच्या डोक्यातच नाही. आज लंचला तिने फोटो पाठवला. लांबलचक लोखंडी तवा, एका टोकाला कोळंब्या परततायत, दुसऱ्या टोकाला कोबीची धिरडी, आणि तव्यामागच्या म्हाताऱ्याच्या हातात एकच कालथा. पुढे तिच्या हातात गरम प्लेट. खाली लिहिलेलं, नो प्रॉन, कार्ड दाखवलं, सेफ.

मी फोन लावला. "खाऊ नकोस. कालथा तोच आहे."

"ममा, त्याने प्रॉन टाकलं नाहीये."

"आजीनेही टाकलं नव्हतं. मी घावन कोळंबीच्या कालथ्याने उलटलं होतं."

मग तिने विचारलं, "आजीला माहीत होतं?"

"नाही."

"ओके. मी नाही खात," म्हणाली आणि फोन ठेवला. तासाभराने दुकानातल्या पाकिटबंद भाताच्या गोळ्याचा फोटो आला, मागचं लेबल दिसेल असा.

हे मी ऑफिसच्या वहीत लिहितेय. पान फाडून घरी नेईन, त्यापुढे त्याचं काय करायचं ते मला माहीत नाही. लेक सुखरूप आहे. तिच्याशी बोलायची आता भीती वाटते, पण ती सोसेन. एक मात्र तिलाही सांगितलेलं नाही, तुला सांगते. फोटो आल्याआल्या मी फोन केला नव्हता. आधी बसून दुसरं काहीतरी कारण शोधत होते, जे सांगून ती थांबली असती आणि दोष तुझ्याच माथी राहिला असता. तेवढा वेळ ती प्लेट तिच्या हातात होती.